कठडा बांधा, गच्ची बंद करू नका



महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजारी व वृद्ध धर्मग्रामस्थांच्या घरी ख्रिस्तशरीर घेऊन जातो, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या दिवशी धर्मगुरूला घराचा जो भाग दिसतो, तो एरवी पाहुण्यांना दिसत नाही. पाहुणा हॉलमध्ये बसतो, चहा घेतो आणि निघतो. आम्हाला मात्र आतल्या खोलीत, थेट पलंगापाशी जावे लागते. त्या पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट कशी आहे, वाटेत दिवा आहे की नाही, मधे किती उंबरठे आहेत, हे न बघता बघितले जाते.

अशाच एका शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी गेलो होतो. इमारत जुनी, लिफ्ट नाही. आजींचे वय ऐंशीच्या पुढे. एकेकाळी रविवारी सकाळच्या मिस्साला त्यांची पहिल्या बाकावरची जागा ठरलेली असे. आता दोन वर्षे झाली, त्या जिना उतरलेल्या नाहीत. घर स्वच्छ होते, चादर पांढरीशुभ्र होती, औषधांच्या डबीवर वार लिहून ठेवले होते. सूनबाई मनापासून करणारी. निघताना ती आम्हाला म्हणाली, "फादर, आम्ही आईंना फार जपतो. एकदा बाथरूममध्ये पाय घसरला, तेव्हापासून त्यांना पलंगावरून एकटीने उठूच देत नाही." आजींनी आमच्याकडे पाहिले. बोलल्या काहीच नाहीत.

जिना उतरताना ती नजर आमच्याबरोबर खाली आली. सूनबाईला दोष द्यावा असे तिने काहीच केले नव्हते. उलट, कितीतरी घरांत होत नाही तेवढे ती करत होती. आणि दोन वर्षे दर महिन्याला त्या खोलीत जाऊन आशीर्वाद देऊन परतणारे आम्हीही काही वेगळे केले नव्हते. तरी प्रश्न राहिलाच. म्हाताऱ्या माणसाला पडू न देणे म्हणजे जपणे का? की ज्याला आपण जपणे म्हणतो, ते कधी कधी कोंडून ठेवणे असते?

आज या प्रश्नाचा आपण थोडा विचार करू या.

आपले पुणे पूर्वीपासून पेन्शनरांचे गाव म्हणून ओळखले जाते. हवा चांगली, दवाखाने जवळ, म्हणून नोकरी संपल्यावर अनेकांनी इथे घर केले. त्यांपैकी पुष्कळांची मुले आता दुसऱ्या शहरी किंवा परदेशी आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेले सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते, आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के होते. त्यानंतर ही संख्या वाढतच गेली आहे. माणसाचे आयुष्य वाढले. पण ज्या घरात ते वाढलेले आयुष्य काढायचे, ते घर मात्र चाळिशीतल्या माणसाच्या पायांसाठीच बांधलेले राहिले.

जुन्या वाड्यांचा अंधारा जिना आणि उंच उंबरठा यांची आठवण आपल्यातल्या कित्येकांना असेल. ती घरे म्हाताऱ्यांना सोयीची होती असे कोणी म्हणणार नाही. पण त्या मोरीत शहाबादी फरशी असे. ती दिसायला ओबडधोबड, पण ओल्या पायाला धरून ठेवी. आता आपण हौसेने गुळगुळीत चकचकीत टाईल्स बसवतो. साबणाचे पाणी पडले की त्यावर तरुण माणूसही सटकतो. घर सजवताना आपण पाहुण्यांच्या डोळ्यांचा विचार केला, आईच्या तळव्यांचा केला नाही.

दुसऱ्यांच्या घराविषयी बोलण्यापूर्वी आमच्या स्वतःच्या घरची गोष्ट सांगणे आम्हाला भाग आहे.

नगरकडच्या आमच्या गावी मागच्या दाराला दोन दगडी पायऱ्या होत्या. त्यांतला खालचा दगड हलत असे. घरात हे सर्वांना माहीत होते. आम्ही भावंडे सुट्टीला गेलो की सवयीने तो दगड चुकवून पाय टाकायचो आणि दर नाताळला कोणीतरी म्हणायचे, "एकदा हा बसवून घ्यायला पाहिजे." तीन नाताळ असे गेले. मग एका पावसाळ्यात रात्री आई परसात जायला निघाली आणि त्या दगडावरून पडली. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, पण त्यानंतर ती स्वतःच्या पायांवर अशी चाललीच नाही. अकरा महिने अंथरुणावर काढून ती देवाघरी गेली. दफनविधीला आलेले लोक म्हणाले, देवाची इच्छा. आम्हीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी थोरल्या भावाने गवंड्याला बोलावले. सांत्वनाला येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणी पडायला नको, म्हणून. अर्ध्या तासात दगड पक्का बसला. तीन वर्षे आईसाठी जे झाले नाही, ते अर्ध्या तासात पाहुण्यांसाठी झाले. तिथे उभे असताना आम्हाला कळले की देवाच्या इच्छेच्या नावावर आपण केवढा मोठा खर्च टाकत असतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांचे निष्काळजीपणावरील विवेचन आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. त्या दगडापाशी ते नव्याने समजले. तेराव्या शतकातील हे महान गुरू विवेक या सद्गुणाचे पैलू सांगताना त्यांत दूरदृष्टी, परिस्थितीचे भान आणि सावधगिरी यांचा समावेश करतात. निष्काळजीपणाला ते विवेकाच्या विरुद्ध असणारे पाप म्हणतात. याचा अर्थ असा की वाईट हेतू नसतानाही माणूस दोषी ठरू शकतो. जे दिसत होते, जे करणे हातात होते आणि जे करणे आपले कर्तव्य होते, ते केले नाही, एवढे पुरेसे आहे. आपण प्रत्येक मिस्सामध्ये पापकबुली देताना केलेल्या कृत्यांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतो. त्या वेळी आपल्यापैकी कितीजणांना घरातली हलणारी पायरी आठवते?

तुम्ही म्हणाल, फादर, पायरी आणि फरशी हा गवंड्याचा विषय. त्यात धर्म कुठे आला? याचे उत्तर पवित्र शास्त्रातच आहे. जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात, एक लहानसा नियम आहे. इस्राएली माणसाने नवे घर बांधले तर त्याने गच्चीला कठडा बांधावा. गच्चीवरून कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असे तिथे सांगितले आहे. शेजाऱ्याचे हरवलेले गुरू परत करण्याच्या आणि शेतात काय पेरावे याच्या नियमांत हा नियम बसला आहे. वाचताना तो सहज नजरेतून सुटतो. पण थोडे थांबून पाहिले तर त्यात एक मोठा नैतिक विचार आहे. कोणी पडण्यापूर्वीच घरमालकाची जबाबदारी सुरू होते. पडल्यावर धावत जाणे हे दयेचे काम आहे. पडू नये म्हणून आधी कठडा बांधणे हे न्यायाचे काम आहे. दया दाखवली तर आपले कौतुक होते. न्याय केला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण काही घडलेलेच नसते.

हा झाला या नियमाचा एक अर्थ. दुसरा अर्थ आम्हाला त्या आजींच्या नजरेने शिकवला.

त्या काळच्या पॅलेस्टाईनमध्ये घराची सपाट गच्ची ही राहण्याची, वावरण्याची जागा होती. राहाबने हेरांना लपवले ते गच्चीवर वाळत घातलेल्या तागाच्या काड्यांखाली. योप्पा गावी संत पेत्र प्रार्थनेला गेला तो गच्चीवरच. लोक तिथे वारा खात, झोपत, बोलत बसत. अशा ठिकाणाहून माणसे पडत होती. त्यावर सर्वांत सोपा उपाय कोणता होता? गच्चीवर जायची बंदी करणे. शिडी काढून घेणे. पण नियमात तसे नाही. गच्चीवर जाऊ नका, असे तो म्हणत नाही. कठडा बांधा, असे म्हणतो. माणसाने गच्ची वापरावी, चांदणे पाहावे, प्रार्थना करावी आणि तरीही सुखरूप खाली यावे, यासाठी तो कठडा आहे.

आपण मात्र आपल्या वृद्धांच्या बाबतीत कठडा न बांधता गच्ची बंद करतो. "आई, तू उठू नकोस, मी आणून देते." "बाबा, खाली जाऊ नका, पडाल." "आजी, किचनमध्ये येऊ नका." हे सारे प्रेमाने बोलले जाते. पण बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवायला जी एक दुपार लागते, ती वाचवण्यासाठी आपण माणसाचे चालणेच वाचवून टाकतो. शिवाय यात पडण्याचा धोकाही कमी होत नाही. पाय वापरले नाहीत की स्नायू दुबळे होतात, तोल जातो आणि ज्या दिवशी उठावेच लागते त्या दिवशी माणूस हमखास पडतो.

म्हणजे चुका दोन आहेत. एक, काहीच न करणे, जी आमच्या घरी झाली. दुसरी, सर्वच बंद करणे, जी त्या तिसऱ्या मजल्यावर झाली. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. वृद्ध माणूस अजून जगतो आहे, त्याला अजून कुठेतरी जायचे आहे, हे आपण विसरतो. त्याला आपण फक्त सांभाळून ठेवायची वस्तू समजतो. काचेचे भांडे कपाटात ठेवले की सुरक्षित राहते. माणूस कपाटात ठेवण्यासाठी निर्माण केलेला नाही. तो देवाच्या प्रतिमेत निर्माण केलेला आहे, आणि स्वतः निवड करण्याची शक्ती हा त्या प्रतिमेचाच भाग आहे. ती वयाच्या साठाव्या किंवा ऐंशीव्या वर्षी संपत नाही.

इथे एक कठीण प्रश्न येतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समजा, आपण सर्व सोय केली, आजीला चालू दिले आणि तरीही ती पडली, तर? तर तो दोष आपला का? आम्हाला वाटते, त्या जुन्या नियमातच याचे उत्तर आहे. कठडा असलेल्या गच्चीवरूनही माणूस क्वचित पडू शकतो. पण तेव्हा रक्ताचा दोष घरावर येत नाही. आपल्या आळसामुळे उरलेला धोका वेगळा आणि जगण्यासाठी माणसाने समजून-उमजून पत्करलेला धोका वेगळा. पहिल्याचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल. दुसरा काढून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्यांची स्मृती व समज आजारामुळे ढासळली आहे, त्यांच्यासाठी काही दारे बंद ठेवावी लागतात, हे खरे. पण तिथेही कमीत कमी काय बंद करून भागेल, हाच विचार हवा.

मग सुरुवात कुठून करावी? विचारण्यापासून. संत मार्कच्या शुभवर्तमानात बार्तिमय नावाचा आंधळा भिकारी येशूला हाका मारतो. तो आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते. तरीही प्रभू त्याला आधी विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? प्रभूला ठाऊक नव्हते असे नाही. पण ज्याच्यासाठी करायचे त्याच्या तोंडून ते यावे, यात त्याचा मान होता. आपण आईला कमोड बसवून देतो, पलंग हलवतो, तिचे कपाट बदलतो आणि हे सारे तिला न विचारता करतो. मग ती नाराज झाली की म्हणतो, एवढे केले तरी हिची कुरकुर! एकदा तिच्याबरोबर घरातून सावकाश फिरा. पलंग ते बाथरूम, बाथरूम ते देवाचा अल्तार, तिथून किचन, मग गॅलरी. कुठे भीती वाटते, कुठे धरायला काही नाही, हे तीच सांगेल. कुठे जायचे आहे, हेही विचारा. तो प्रश्न बहुधा तिला कोणीच विचारलेला नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांनंतर याचाच क्रमांक लागतो, आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे. पण एक आशेची गोष्टही आहे. कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली दहा देशांतील २२ अभ्यास एकत्र तपासले. घरातील धोके शोधून दूर केल्याने वृद्धांचे पडणे सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांना आढळले. जे आधी पडलेले होते किंवा ज्यांना रोजच्या कामांत मदत लागत होती, त्यांच्यात ही घट ३८ टक्के होती. म्हणजे आमच्या घरच्या त्या दगडाची गोष्ट केवळ मनाची टोचणी नाही. दगड बसवल्याने खरोखर फरक पडतो.

आणि या कामाला फार पैसा लागतो असेही नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा राहू द्यावा, आणि एक बटण पलंगावरूनच हाताला लागेल असे असावे. घसरणारी पायपुसणी आणि वाटेतल्या वायरी आजच काढाव्यात. पलंग इतका उंच असावा की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर टेकतील. उठताना घाई न करता मिनिटभर काठावर बसून मग उभे राहावे, कारण रक्तदाबाच्या काही औषधांनी एकदम उठले की चक्कर येते. रोजची भांडी व डबे कंबर ते खांदा या उंचीत ठेवावेत, म्हणजे स्टुलावर चढून माळ्यावर हात घालावा लागणार नाही. यासाठी एक रुपयाही लागत नाही, किंवा फारच थोडे लागतात.

बाथरूममध्ये मात्र थोडा खर्च करावा. कमोडजवळ आणि अंघोळीच्या जागी भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा हवा. टॉवेल टांगायच्या नळीला धरू नये. ती माणसाचा भार घेत नाही, उखडून हातात येते. अंघोळीसाठी रबरी टोपणांचे मजबूत स्टूल ठेवावे, फरशीवर न सरकणारी रबरी चटई घालावी. खाली बसायचा संडास असेल आणि तोडफोड करणे शक्य नसेल, तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असेल तर उत्तम, कारण आत पडलेला माणूस दाराला टेकून पडला तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. निदान कडी बाहेरून उघडता येईल अशी असावी. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाला विनंती करावी. आणि आपल्यातल्या घरमालकांनी भिंतीला चार भोके पडतील म्हणून नाही म्हणू नये.

याखेरीज एक गोष्ट आहे, तिला पैसा लागत नाही, पण मन मोठे लागते. आपल्या बहुतेक फ्लॅटमध्ये बेडरूमला लागून एक संडास-बाथरूम असते. ती खोली कोणाची असते? तरुण जोडप्याची. आजोबा झोपतात हॉलमधल्या दिवाणावर, आणि रात्री तीनदा उठून पॅसेज ओलांडून जातात. जागेची अडचण आम्ही जाणतो, संसाराच्या गरजाही जाणतो. तरी एकदा घरात बसून विचार करावा. १८३९ सालच्या हिवाळ्यात फ्रान्समधील सेंट-सर्व्हान गावी जीन जुगान नावाच्या एका गरीब स्त्रीने एका आंधळ्या, अर्धांगाने लुळ्या झालेल्या म्हातारीला उचलून जिन्याने आपल्या खोलीत आणले. तिला आपला पलंग दिला आणि स्वतः माळ्यावर झोपायला गेली. त्या एका पलंगापासून गरिबांच्या लहान भगिनी या धर्मभगिनींच्या संघाचे कार्य सुरू झाले, आणि २००९ साली तिला संत घोषित करण्यात आले. तिने वृद्धाश्रमाची योजना आखली नव्हती. घरातली सोयीची जागा कोणाची, एवढेच तिने ठरवले होते.

आता दोन शब्द आपल्या ज्येष्ठांसाठी. तुमच्या मुलांनी दांडा बसवायचा ठरवला तर "मी काय एवढी म्हातारी झाले?" म्हणून नको म्हणू नका. काठीची लाज बाळगू नका. पोप फ्रान्सिस यांचे गुडघे दुखू लागले तेव्हा मे २०२२ पासून ते साऱ्या जगासमोर चाकांच्या खुर्चीत बसून येऊ लागले, आणि २०२५ साली निधन होईपर्यंत त्यांनी आपले काम सोडले नाही. खुर्चीमुळे त्यांचे मोठेपण कमी झाले नाही. मदत घेणे हीसुद्धा नम्रतेची साधना आहे, आणि आयुष्यभर देत आलेल्यांना ती फार अवघड जाते, हे आम्ही कबुलीजबाबाच्या खुर्चीतून जाणतो. पडलात तर मुलांपासून लपवू नका. आणि डोळे वेळेवर तपासून घ्या. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबण्याचे दिवस गेले.

घराचा कठडा घराच्या दारापाशी संपत नाही. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या कायद्याने अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार देणे हे मुलांचे कर्तव्य ठरवले आहे. पण जिन्याचे काय? सोसायटीच्या सभेत लिफ्टचा किंवा जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा लावण्याचा विषय निघाला की तळमजल्यावरचे म्हणतात, आम्हाला त्याचा काय उपयोग? ख्रिस्ती माणसाने या सभेत गप्प बसू नये. सर्वांचे हित म्हणजे प्रत्येकाच्या फायद्याची बेरीज नव्हे. सर्वांत दुबळ्या माणसाला जे पेलेल, तेच सर्वांचे हित. लिफ्ट शक्य नसेल तर प्रत्येक मजल्याच्या वळणावर एक खुर्ची तरी ठेवता येते. तळमजल्यावरचे रिकामे घर आणि तिसऱ्या मजल्यावरचे म्हाताऱ्यांचे घर यांची अदलाबदल करता येते का, हेही शेजाऱ्यांनी पाहावे. मुले परदेशी असलेल्यांच्या दाराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असावी. अडचणीत ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाईन आहे, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

आणि आता आमची स्वतःची कबुली. आपल्या चर्चच्या मुख्य दाराला पाच पायऱ्या आहेत. त्यांना कठडा नाही. एवढी वर्षे आम्ही त्यांवर उभे राहून मिस्सानंतर आपणा सर्वांशी हस्तांदोलन केले, पण हे कधी लक्षात आले नाही. चार मित्रांनी लुळ्या माणसाला प्रभूपुढे नेण्यासाठी एका घराचे छप्पर उघडले, ही गोष्ट याच चर्चमध्ये आम्ही कितीदा वाचून दाखवली! तीच गोष्ट ऐकण्यासाठी आजही कोणाला उचलून आणावे लागत असेल, तर प्रवचनात काही तरी कमी आहे. एक फूट चढासाठी बारा फूट उतार लागतो, असे मार्गदर्शक नियम सांगतात. मुख्य दाराची उंची अडीच फूट आहे, म्हणजे तिथे तीस फूट जागा हवी, ती नाही. पण बाजूच्या दाराला दोनच पायऱ्या आहेत, एक फूट उंच. तिथे बारा फुटांचा उतार सहज बसतो. ते दार आम्ही आजवर खुर्च्या रचून बंद ठेवले होते. येत्या आगमनकाळापूर्वी ते उघडेल, उतार व कठडा होईल, असे पॅरिश कौन्सिलने ठरवले आहे. तोपर्यंत मुख्य पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा लागेल. युवक मंडळातील ज्यांना ड्रिल मशीन चालवता येते, त्यांनी रविवारी मिस्सानंतर आम्हाला भेटावे. ज्या घरी वृद्ध एकटे आहेत, तिथे दांडे बसवायचे आहेत.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा व वृद्धांचा दिवस म्हणून सुरू केला. त्या दिवशी आपण त्यांना गुलाबाचे फूल देतो. फूल जरूर द्यावे. पण उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांसाठी हाताला धरायला काहीतरी द्यावे.

त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पुढच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही थोडे लवकर गेलो. सूनबाईसमोरच आजींना विचारले, "आजी, तुम्हाला कुठे जायचे आहे?" आम्हाला वाटले, चर्चला म्हणतील. त्या म्हणाल्या, "गॅलरीत. तिथून घंटा ऐकू येते, पण चर्चचे टोक पलंगावरून दिसत नाही." पलंग ते गॅलरी अंतर होते सतरा पावले. आता त्या भिंतीला दांडा आहे आणि गॅलरीत हातांची एक खुर्ची आहे. सूनबाई सुरुवातीला मागे मागे चालायची. हल्ली किचनमधून नुसता कानोसा घेते. आजी अजून चर्चला आलेल्या नाहीत. तीन मजले आहेत, घाई नाही. पण रविवारी सातची घंटा झाली की त्या स्वतःच्या पायांनी गॅलरीत जाऊन बसतात.

प्रभू आपल्या सर्वांच्या घरांना आशीर्वाद देवो आणि आपल्या हातांना तो कठडा बांधण्याची बुद्धी देवो.

ख्रिस्तसेवेत आपले,
धर्मगुरू